कड्यातून निसटलेले

धक्क्यावर काकांचा दरारा असा होता, की त्यांचा खोकला लांबून ऐकू आला तरी नावेतली माणसं हातातली सिगरेट विझवायची. वास्तविक सिगरेटला बंदी नव्हती, काकांना तिच्याशी काही देणंघेणंही नव्हतं. पण काका येतायत म्हटल्यावर आपण काहीतरी चुकीचं करत असणारच, असं ज्याला त्याला आतून वाटायचं. काही माणसं असतात अशी. त्यांच्यासमोर नुसतं उभं राहिलं तरी गुन्हेगार झाल्यासारखं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडतं.

काका म्हणजे मच्छीमार मंडळाचे कडेवाले. वाटीच्या तोंडाएवढं एक लोखंडी कडं त्यांच्या कमरेला कायम लटकलेलं असायचं. तळ्यातून परतलेली नाव धक्क्याला लागली, की टाकीतले जिवंत मासे दगडी ओट्यावर यायचे आणि ज्याच्याबद्दल शंका वाटेल तो मासा काका कड्यातून घालून बघायचे. अडकला तर तो वजनकाट्यावर. आरपार गेला तर तो अजून पोर आहे, वाढू दे बिचाऱ्याला, म्हणून परत पाण्यात. जाळ्याची भोकंही त्याच हिशेबाची, तरी मोठ्यांच्या घोळक्यात गुंतून लहान यायचेच. एवढा साधा नियम, पण तो पाळताना भल्याभल्यांना घाम फुटायचा.

नियम काकांनीच आणलेला. त्यांच्या तरुणपणी लोक मच्छरदाणीसारखी जाळी लावून तळं अक्षरशः गाळून काढायचे. बोटाएवढं पिल्लूही सुटायचं नाही. एका वर्षी तळ्याने हात वर केले. तेव्हा काकांनी लोहाराकडून कडं करून घेतलं, घरोघर फिरले, शिव्या खाल्ल्या, एकदा चांगला मारही खाल्ला, पण नियम लोकांच्या गळी उतरवला. पुढच्या काही वर्षांत चंदेरी अशी लागली, की बर्फाच्या कारखान्याला मागच्या बाजूने खोली वाढवावी लागली. चंदेरी म्हणजे या तळ्यातला मुख्य मासा. वस्तीची चूल तिच्यावर. तेव्हापासून काकांच्या शब्दापुढे कुणी जात नव्हतं.

नियमाला एक शेपूटही होतं. कड्यातून गेलेल्या माशाला सुरी लावायची नाही. तो मेलेला असला तरी नाही. मेला असेल तर बगळ्यांपुढे टाकायचा, पण घरी न्यायचा नाही. एरवी लोक ‘मेलाच होता हो’ म्हणत टोपल्या भरतील, हे काकांनी बरोबर ओळखलं होतं. आपल्या माणसांना ते पुरते ओळखून होते. त्यामुळे एवढ्या मोठ्या मासेमारांच्या वस्तीत लहान चंदेरी पोटातून कशी दिसते, हे एकालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यावं असं कुणाला वाटलंही नाही. पोराच्या पोटात काय असणार?

या नियमापायी काकांनी एकुलता एक मुलगा घालवला होता.

मुलगा काही संत नव्हता. आळशी, तोंडाळ, जाळं विणायला बसवलं तर गप्पा मारत बसणारा. त्याचं नवं लग्न झालेलं आणि नेमका हंगाम वाईट. दोनदा तो रिकाम्या टाकीने परतला, बायकोसमोर मान खाली घालून जेवला, आणि तिसऱ्या खेपेला त्याच्या नावेत चांगल्या माशांच्या खाली ओल्या पोत्याने झाकलेली लहान चंदेरी निघाली. पोतं काकांनी स्वतः उचललं. चिटणीस हळूच म्हणालाही, “काका, पोर आहे. पहिलीच वेळ. कानाडोळा करा.” काकांनी कानाडोळा केला नाही. त्यांनी सगळ्या धक्क्यासमोर, सुनेच्या देखत, मुलाचं जाळं टराटरा फाडलं आणि मंडळातून त्याचं नाव काढायला लावलं. ज्याचं नाव मंडळात नाही त्याची नाव पाण्यात उतरत नाही. मुलगा तोपर्यंत खालमानेने उभा होता. शेवटी एवढंच म्हणाला, “घरी येऊन चार थोबाडीत मारल्या असत्यात तरी चाललं असतं, बाबा.”

आठवड्याच्या आत तो बायकोला घेऊन दूरच्या शहरात निघून गेला. तिथे एका गोदामात खोकी उचलायचं काम करतो. दर रविवारी आईला फोन करतो. चुकून काकांनी उचलला तर पलीकडे दोन श्वास ऐकू येतात आणि फोन बंद होतो. त्याला मुलगी झाली, ती आता शाळेत जायला लागली. आजी-आजोबांनी तिला पाहिलंय ते फोनच्या पडद्यावर, तेही आजीने एकटीने, आजोबांनी तिच्या खांद्यावरून चोरून.

वस्तीने मात्र काकांना डोक्यावर घेतलं. स्वतःच्या पोराला सोडलं नाही, म्हणजे बघा! मुलं दंगा करायला लागली की आया काकांचं नाव घ्यायच्या. काकांच्या पोटात त्यावेळी काय झालं ते कुणी विचारलं नाही, आणि काकांनी सांगितलं नाही. मान ताठ ठेवली की आतलं काही दिसत नाही, असा त्यांचा समज होता.

आणि एवढं सगळं करून मासे कुठे होते? तेच तर कोडं होतं. वर्षागणिक चंदेरी रोडावत चालली होती. कड्यात अडकणारी दुर्मीळ, आरपार जाणारी ढिगाने. बर्फाच्या कारखान्याची ती वाढीव खोली बंद पडली. काकांच्या मते याचं कारण एकच, चोरी. कुणीतरी पलीकडच्या काठाला बारीक जाळी लावतंय, पोरं वाढायच्या आत पळवतंय. ते डोळ्यांत तेल घालून पहारा द्यायला लागले. चोर काही सापडला नाही. काकांची खात्री पटली की चोर भलताच हुशार आहे.

अशात मत्स्य खात्याची एक तरुण बाई वस्तीवर आली. तिच्याकडे मोठी पत्र्याची पेटी होती आणि ती माशांचे खवले गोळा करायची. मासे नाही, नुसते खवले. लोकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव खवलेबाई ठेवलं. बर्फवाला तर म्हणाला, “मासा आपण खातो, खवले सरकार खातं. वाटणी बरोबर आहे.”

ती धक्क्यावर उभी राहायची आणि कड्यातून निसटलेली चंदेरी पाण्यात जायच्या आधी तिचा एक खवला चिमट्याने उचलायची. काकांना ते मनातून आवडायचं नाही, पण खवला म्हणजे काही मासा नव्हे, नियमात बसत होतं. एक दिवस तिने भिंगातून डोकं वर काढलं आणि विचारलं, “काका, हिचं वय काय असेल?”

“ही? वर्षाचं पोर आहे.”

“झाडाच्या खोडात दर वर्षाचं एक कडं उमटतं ना, तशी खवल्यावर रेघ उमटते. मी तीनदा मोजल्या. सहा आहेत.” तिने मासा तळहातावर धरला, तो हाताबाहेर येत नव्हता. “हे पोर नाही, काका. ही आजी आहे.”

धक्का हसला. बर्फवाला म्हणाला, “मग पाया पडून सोडायला हवी!” आणखी हसले. काका हसले नाहीत. त्यांचं पित्त खवळलं होतं.

“भिंगातून बघितलं की मुंगीचाही हत्ती होतो, बाई.”

“मग भिंग नको. पोट चिरून बघा. आत अंडी नसली तर मी पेटी उचलते आणि जाते.”

“कड्यातून गेलेल्या माशाला इथे सुरी लागत नाही.”

“म्हणून तर इतकी वर्षं कळलं नाही,” ती म्हणाली. आवाज चढवून नाही. दिलगिरी असल्यासारखं म्हणाली, आणि काकांना तेच जास्त लागलं.

दुसरा कुणी असता तर घरी जाऊन तिला दोन शिव्या हासडून मोकळा झाला असता. काका तसे नव्हते. नाकासमोर चालणाऱ्या माणसाला एकदा शंका चिकटली की ती त्याला जेवू देत नाही. दोन दिवस त्यांनी कळ काढली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले, दाराला कडी घातली आणि शर्टाच्या आतून ओला रुमाल काढून ओट्यावर ठेवला. रुमालात लहान चंदेरी होती.

काकी कणीक मळत होत्या. त्यांनी एकदा रुमालाकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघितलं. या घरात असा मासा येईल आणि तो हा माणूस आणील, हे त्यांना स्वप्नातही खरं वाटलं नसतं.

“अहो, हे काय?”

“चीर.”

“मी?”

“माझा हात धजत नाही. चीर म्हणतो ना.”

काकींनी हात धुतले, सुरी घेतली आणि मासा चिरला. आयुष्यभर मासे साफ केलेला हात. एक रेघ मारली आणि पोट उघडलं. आत दाणे भरले होते. बारीक पिवळे, एकमेकांना चिकटलेले, पोटात मावत नव्हते इतके. त्यातले काही ओट्यावर सांडले.

काकींनी सांडलेले दाणे बोटाने गोळा केले. मग काकींच्या तोंडून निघालं, “अगं बाई. ही तर भरल्या दिवसांची आहे.”

काका स्टुलावर बसले.

दुसऱ्या दिवशी ते बर्फाच्या कारखान्यामागच्या त्या बंद पडलेल्या खोलीत गेले. खवलेबाईने तिथेच टेबल मांडलं होतं. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, अंडी होती. आता मला समजेल असं सांगा. तिने बसायला खुर्ची दिली आणि चहा मागवला. ती हुशारी दाखवत नव्हती, हे काकांना मान्य करावं लागलं.

“सगळ्या चंदेरी सारख्या नसतात,” ती म्हणाली. “माणसं नसतात तशाच. कुणी आधी अंगाने वाढते, मग अंडी घालते. कुणी लहानपणीच अंडी घालायला लागते, आणि मग तिची वाढ तिथेच खुंटते. आईचा हा गुण लेकीत उतरतो. इथवर ठीक आहे?”

“ठीक.”

“आता कडं आलं. जी आधी वाढायची, ती अंडी घालायच्या आतच कड्यात अडकायची. गेली बाजारात. तिला लेकी झाल्याच नाहीत. जी बुटकी ती दर वेळी आरपार. परत पाण्यात, परत अंडी. मग तळ्यात पुढची पिढी कुणाची?”

काकांनी कमरेचं कडं चाचपलं.

“यात कुणी काही ठरवत नाही हो. मासा ठरवत नाही, तळं ठरवत नाही. बगळा उथळ पाण्यातला मासा उचलतो, तर खोल पाण्यात राहणाऱ्यांची पिल्लं उरतात. कोल्हा सावकाश पळणारा ससा धरतो, तर चपळ सशांची उरतात. जो मरतो त्याच्याबरोबर त्याचा गुण जातो, जो उरतो त्याचा गुण पसरतो. असं पिढ्यान् पिढ्या झालं की सगळा कळप बदलून जातो. इथे बगळ्याचं काम कड्याने केलं.”

“म्हणजे चोर नव्हताच.”

“नव्हता.”

“आणि पूर्वी जे सगळंच गाळून न्यायचे, ते?”

तिने कप खाली ठेवला. “ते वाईटच होतं. मासे संपले असते. पण ते लहानमोठा भेद करत नव्हते, त्यामुळे उरलेसुरले सगळ्या जातकुळीचे असायचे. तुम्ही मासे वाचवलेत, काका. फक्त कोणते वाचवले ते बघितलं नाहीत.”

कडं बारीक जाळीपेक्षा बरं होतं, आणि तरी कड्याने तळ्याचं वाटोळं केलं होतं. दोन्ही खरं. काकांना एका वेळी एकच गोष्ट खरी असायची सवय होती. त्यांच्या डोक्यात मात्र तिसरंच चाललं होतं. त्यांच्या पोराने त्या दिवशी पोत्याखाली ज्या चंदेरी लपवल्या होत्या, त्या बुटक्याच होत्या. पोराने ते पाप केलं ते लाजेपोटी, तळ्याच्या कळवळ्याने नाही. पण तळ्याचा हिशेब मांडला तर त्याच्या पापाने जेवढं बिघडलं, त्याच्या शंभरपट बापाच्या पुण्याने बिघडवलं होतं.

“आता उपाय?” त्यांनी विचारलं.

“मोठ्या अजून थोड्या उरल्यात. त्या सोडायच्या. लहान आणि मधल्या धरायच्या. हे कडं बंद. फार वर्षं लागतील. जेवढ्या वर्षांत गेलं त्यापेक्षा जास्त. खोटं कशाला सांगू, कदाचित पुरतं परत येणारही नाही. पण मोठ्या संपल्या तर मग काहीच उरत नाही.”

मंडळाची सभा बोलावली गेली. चिटणीस हा कागदोपत्री पक्का माणूस, त्याने काकांना बाजूला घेऊन सांगितलं, “कडं रद्द झालं तर कड्यापायी ज्यांची नावं काढली ती परत घालावी लागतील. तसा मंडळाचा कायदाच आहे. म्हणजे तुमच्या मुलाचंही.” आणि डोळे बारीक करून पुढे म्हणाला, “पण तुम्ही स्वतः उठून बोललात तरच लोक ऐकतील. त्या बाईचं कोण ऐकतंय?”

काकींना हे कळलं तेव्हा त्यांनी तोंडावर पदर धरला, आणि मग रविवारची वाट न बघता मुलाला फोन लावला. काका शेजारी भिंतीला टेकून उभे होते. फोनमधून मुलाचा आवाज स्पष्ट येत होता.

“बाबा म्हणतील असं? सगळ्यांसमोर?”

“म्हणतील रे. त्यांनीच मासा आणला घरी. शर्टात लपवून!” काकी हसत होत्या आणि रडत होत्या.

मुलाचा आवाज खाली आला. “त्यांनी सगळ्यांसमोर सांगू दे, की चुकलं. ‘माझं नाही, नियमाचं चुकलं’ एवढं म्हणाले तरी पुरे. मी पोरीला घेऊन येतो, आई. कायमचा येतो.”

काकींनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. काकांनी मान हलवली. हो म्हणाले, शब्द दिला. नंतरचे चार दिवस काकी पायाला भिंगरी लावल्यासारख्या फिरत होत्या. मागची खोली झाडून काढली, गाद्या उन्हात टाकल्या, नातीला झोपायला कुठली बाजू बरी यावर एकट्याच वाद घातला. काका बघत होते. आपल्या बायकोला गाणं गुणगुणता येतं, हे ते विसरूनच गेले होते.

सभा वजनकाट्याच्या छपराखाली भरली. झाडून सगळे आले. बायका बाहेर भिंतीला लागून उभ्या होत्या, त्यात काकी सगळ्यात पुढे. खवलेबाईने आपलं म्हणणं थोडक्यात मांडलं. तरुण पोरं माना डोलवत होती. रिकाम्या टाक्या त्यांच्याच होत्या, त्यांना कड्याचं प्रेम असायचं कारण नव्हतं. म्हातारे मूग गिळून बसले होते. मग चिटणीस उठला. त्याला वाटलं, काकांसाठी जरा वाट मोकळी करून द्यावी. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता.

“मंडळी, आता काका बोलतील. आणि काका म्हणजे कोण, ते मी सांगायला नको. ज्या माणसाने आपल्या नियमासाठी पोटच्या पोराचं जाळं फाडलं, त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस या तळ्याकाठी झाला नाही. ते जे म्हणतील ते आपण मानू.”

टाळ्या पडल्या. कुणी उगाच वाजवलेल्या नाहीत, मनापासून. म्हाताऱ्यांनी वाजवल्या, पोरांनीही वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत काका उभे होते, आणि तेवढ्या वेळात काय व्हायचं ते होऊन गेलं.

कारण त्यांच्या ध्यानात आलं, की या टाळ्या ज्या माणसासाठी आहेत तो पोराचं जाळं फाडलं त्या एका सकाळी जन्माला आला होता. नियम बरोबर होता म्हणून तो माणूस करारी. नियम चुकीचा होता म्हटलं, की तो कोण? एका नवऱ्या मुलाला त्याच्या बायकोच्या डोळ्यांदेखत नागवणारा एक माथेफिरू बाप. आपण पोर कशासाठी घालवलं, याचं उत्तर म्हणून त्यांच्याकडे तळं होतं. तळं काढून घेतलं तर हातात काहीच राहत नव्हतं. तळ्यावर पाणी सोडायला ते तयार होते. त्या सकाळवर नव्हते.

“बाईंचं मी ऐकून घेतलं,” काका म्हणाले. आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला, त्याचं त्यांनाच नवल वाटलं. “शिकलेल्या आहेत. पण तळं पुस्तकावर चालत नाही. लहान सोडायचे, मोठे धरायचे, हे शेंबड्या पोराला कळतं. उलटं करा म्हणणारा मला अजून भेटायचा होता.”

खवलेबाईचं तोंड उघडं राहिलं. “काका, तुम्ही माझ्याकडे आला होतात.”

“आलो होतो. नाही पटलं.”

मागून एका तरुणाने विचारलं, “पण काका, अंडी असतात का खरंच? तुम्ही बघितलंत का चिरून?”

सगळी डोकी काकांकडे वळली. काकांनी बाहेर बघितलं नाही. “कड्यातून गेलेल्या माशाला मी आजवर सुरी लावलेली नाही,” ते म्हणाले. “आणि लावणार नाही.”

पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जोरात. कडं ठेवायचं म्हणून हात वर करायला सांगितले तेव्हा त्या विचारणाऱ्या तरुणाचाही हात वर गेला. एवढा मोठा माणूस खोटं कशाला बोलेल? त्याचाच स्वतःवरचा विश्वास उडाला होता, एवढंच.

खवलेबाई पेटी आवरून दुपारच्या गाडीने गेली. जाताना ती काकांवर ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, “तुम्हाला सगळं समजलं होतं, काका. माझ्या वरिष्ठांपेक्षा लवकर समजलं होतं.” आणि गाडीत बसली.

काका घरी आले तेव्हा मागच्या खोलीतल्या गाद्या गुंडाळून भिंतीला लावलेल्या होत्या. काकी बॅग भरत होत्या. भांडण होईल, आदळआपट होईल, अशा तयारीने काका आले होते. चार वाक्यंही जुळवून ठेवली होती.

“त्याला कळवलंस?” त्यांनी विचारलं.

“कळवलं.”

“काय म्हणाला?”

“काही नाही म्हणाला. पोरीला हाक मारली आणि म्हणाला, बॅग भरू नकोस गं.” काकींनी एक साडी घडी घालून ठेवली, नीट बसेना म्हणून पुन्हा काढली. “तुम्ही त्याला दुसऱ्यांदा घालवलंत. पहिल्या वेळी मी म्हटलं, माणूस तत्त्वाचा आहे, चालायचंच. इतकी वर्षं तेच म्हणत आले. पदरात निखारा धरून म्हणत आले.”

“अगं, मी काय सांगायला हवं होतं? पोराला उगाचच घालवला, असं? चारचौघांत?”

“हो,” काकी म्हणाल्या. “तेवढंच सांगायचं होतं.”

जुळवलेल्या चार वाक्यांपैकी एकही कामाचं नव्हतं. काकींनी बॅगेची साखळी ओढली, ती मध्येच अडकली. काका सवयीने पुढे झाले आणि त्यांनी ती ओढून दिली. दाराशी काकींनी चप्पल घातली, तेव्हा काकांना विचारल्याशिवाय राहवेना.

“परत कधी येशील?”

काकी उंबऱ्याबाहेर थांबल्या. चिडल्यासारख्या दिसत नव्हत्या. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा बोलल्या.

“तळ्यात चंदेरी पहिल्यासारखी वाढायला लागली की कळवा. लगेच येते.”

आणि बॅग या हातातून त्या हातात घेत त्या गाडीच्या थांब्याकडे चालायला लागल्या. समोरून येणाऱ्या दोघांनी त्यांना वाट करून दिली आणि दारात उभ्या असलेल्या काकांना वाकून नमस्कार केला.